मोबाइलमधला पैसा आणि आपली तरुण मुलं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला विषय दिला तो असा : ‘तरुण पिढीला बचतीचं महत्त्व पटवून द्या.’ मी त्यांना म्हटलं, भाषण करतो, पण पटवून द्यायचं काम माझ्याकडून होणार नाही. बचतीचं महत्त्व या मुलांनी शाळेच्या निबंधात लिहिलेलं आहे, त्यावर दहापैकी आठ गुण मिळवलेले आहेत. त्यांना ते माहीत आहे. प्रश्न वेगळाच आहे. मी एका सहकारी बँकेत बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच कर्ज विभागात. निवृत्त झाल्यावर सोसायटीतली मुलं अधूनमधून ‘काका, जरा हे बघता का?’ म्हणून मोबाइल पुढे करतात. त्या मोबाइलमध्ये मी जे पाहिलं, त्याबद्दल आज बोलणार आहे. अर्धं भाषण मुलांसाठी आहे आणि अर्धं आपल्यासाठी, म्हणजे त्यांच्या आईवडिलांसाठी.

आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली. तेव्हाचे दिवस आठवून बघा. मेंटेनन्सचा चेक घेऊन आपण ऑफिसात जायचो, खजिनदार हाताने पावती फाडून द्यायचे. बी विंगमधल्या भगिनींची भिशी दर महिन्याला एकेकीच्या घरी व्हायची आणि भिशीबरोबर साबुदाण्याची खिचडीही व्हायची. दुकानदारांकडे पिग्मीवाला रोज संध्याकाळी चक्कर मारायचा. बँकेतून पैसे काढायचे तर स्लिप भरा, टोकन घ्या, बाकावर बसा. आणि कर्ज हवं असेल तर दोन जामीनदार आणा, पगाराचा दाखला आणा, आणि समोर बसलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या प्रश्नांना उत्तरं द्या. ‘कशासाठी हवंय? आधीचं किती बाकी आहे? घरी माहीत आहे का?’

आम्ही कोणालाच आवडायचो नाही, हे मी जाणून आहे. पण आज मागे वळून पाहताना एक गोष्ट लक्षात येते. त्या रांगेत, त्या स्लिपमध्ये, त्या जामीनदाराकडे जाण्यात वेळ जायचा, आणि त्या वेळात माणूस विचार करायचा. किती तरी जण अर्ज घेऊन जायचे आणि परत यायचेच नाहीत. विचारलं तर म्हणायचे, ‘राहू द्या साहेब, घरी बोललो, सध्या नको म्हणाले.’

आता ही मधली थांबायची ठिकाणंच राहिली नाहीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय आलं. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि ज्यांनी कधी नेटबँकिंग केलं नव्हतं तेही मोबाइलवरून पैसे द्यायला लागले. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात एका महिन्यात यूपीआयवरून झालेले व्यवहार २,००० कोटींच्या पुढे गेले. आपल्या गेटबाहेरचा भाजीवालाही ‘स्कॅन करा’ म्हणतो आणि त्याच्या पेटीतून ‘चाळीस रुपये प्राप्त झाले’ असा आवाज येतो.

याचं मला कौतुक आहे, ते आधी सांगतो. आपला वॉचमन पूर्वी गावी पैसे पाठवायला कोणाच्या तरी ओळखीवर अवलंबून असायचा, आता तो ड्युटीवर खुर्चीत बसून आईच्या खात्यात पैसे टाकतो. पाचशे रुपयांची एसआयपी सुरू करणारी मुलगी तिच्या घरातली म्युच्युअल फंड घेणारी पहिली व्यक्ती असते. सोसायटीची थकबाकी कमी झाली आहे, कारण बिलावरच क्यूआर कोड आहे. खजिनदार इथे बसलेत, ते दुजोरा देतील. तेव्हा ‘मोबाइल वाईट’ असं म्हणायला मी उभा नाही.

पण पैसा दिसेनासा झाला की काय होतं, ते बघा. पाकिटात पाचशेच्या चार नोटा असल्या आणि संध्याकाळी एकच उरली, तर डोळ्यांना ते कळतं. खात्यातून पैसे जातात तेव्हा फक्त एक मेसेज येतो, आणि दिवसाला असे वीस मेसेज आले की माणूस ते वाचायचं सोडून देतो. गेल्या महिन्यात मी आपल्या चार-पाच मुलांना एक काम सांगितलं. म्हटलं, यूपीआय ॲप उघडा, त्यात ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असं असतं, तिथे काय काय चालू आहे ते मोजा. एकाकडे सात निघाली. सिनेमा-मालिकांची तीन ॲप्स, एक गाण्यांचं, फोटो साठवायची जागा, जेवण मागवायची मेंबरशिप, आणि एक इंग्रजी शिकायचं ॲप, जे त्याने दोन वर्षांपूर्वी एक आठवडा वापरलं होतं. एकेक रक्कम १४९, १९९, २९९. बेरीज केली तर महिन्याला १,५०० च्या वर. तो मुलगा उधळ्या नाही, लोकलचा पास काढून जातो, डबा घेऊन जातो. त्याने ते पैसे खर्च केले असं म्हणवत नाही. ते त्याच्या हातून गेले.

ही झाली किरकोळ गळती. मोठी भोकं पुढे आहेत. त्यातलं पहिलं उधारीचं.

‘नो कॉस्ट ईएमआय’ हा शब्द तुम्ही रोज वाचता. समजा, एक फोन २४,००० ला आहे आणि महिना ४,००० चे सहा हप्ते आहेत. व्याज शून्य. पण रोख घेणाऱ्याला तोच फोन २२,५०० ला मिळत असेल, तर ते १,५०० रुपये म्हणजे व्याजच की! नाव फक्त वेगळं. शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २७० रुपये, आणि वर प्रोसेसिंग फी. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नसते. हप्त्यावर वस्तू घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. आपणही फ्रीज हप्त्यावरच घेतले. फक्त किंमत किती पडली ते ठाऊक असू द्या.

आता क्रेडिट कार्ड. बिलावर दोन आकडे असतात : पूर्ण रक्कम आणि ‘मिनिमम ड्यू’. तो छोटा आकडा फार प्रेमळ दिसतो. समजा, ६०,००० रुपये बाकी आहेत आणि तुम्ही फक्त ३,००० भरले. साडेतीन टक्के महिन्याचा दर धरला तर व्याज २,१००. त्यावर जीएसटी ३७८. झाले २,४७८. म्हणजे तुमच्या तीन हजारांपैकी मुद्दलात गेले ५२२ रुपये! आणि बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागायला सुरुवात होते, ते आणखी वेगळं.

इथे मला आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेची आठवण होते. सोसायटीच्या उपविधीप्रमाणे मेंटेनन्सच्या थकबाकीवर जास्तीत जास्त २१ टक्के वार्षिक व्याज लावता येतं, तेही सरळ व्याज. त्या २१ टक्क्यांवरून आपल्याकडे किती वेळा आवाज चढले आहेत, ते सर्वांना माहीत आहे. ‘ही सोसायटी आहे की सावकारी?’ असं भर सभेत विचारलं गेलं आहे. आणि कार्डाचा साडेतीन टक्के महिना म्हणजे सरळ धरला तरी वर्षाला ४२ टक्के होतात. बरोबर दुप्पट! त्याबद्दल कोणी एक अक्षर विचारत नाही, कारण ते विचारायला समोर माणूसच नाही.

माणूस समोर नसणं, हे तिसऱ्या प्रकारात तर जिवावर बेततं. मी कर्ज देणाऱ्या बनावट ॲप्सबद्दल बोलतोय. आपल्या परिसरातल्याच एका मुलाची हकीकत सांगतो. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तेव्हा हा कोण, असा अंदाज बांधत बसू नका.

मुलगा चांगला शिकलेला, एका लहान कंपनीत नोकरीला. एका महिन्यात पगार लांबला. फोनचा हप्ता यायचा होता, घरी सांगायचं नव्हतं. एका ॲपवर ५,००० रुपयांचं कर्ज ‘पाच मिनिटांत’ मंजूर झालं. हातात आले ३,२०० आणि सात दिवसांत परत करायचे ५,०००. म्हणजे ३,२०० रुपयांवर आठवड्याला १,८०० रुपये, ५६ टक्के! सात दिवसांनी पैसे नव्हते, तेव्हा त्याच ॲपने दुसऱ्या ॲपचा रस्ता दाखवला. पहिलं फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं. तो माझ्याकडे आला तेव्हा अकरा ॲप्स झाली होती. आम्ही कागदावर मांडलं. सगळं मिळून त्याच्या हातात आले होते ४३,०००. त्याने भरले होते ८१,०००. आणि अजून बाकी दाखवत होते ६०,०००.

ॲप घेताना त्याने फोनमधले सगळे नंबर आणि फोटो बघायची परवानगी दिली होती. वसुलीचे फोन आधी त्याला यायचे, मग त्याच्या मित्रांना, मग ऑफिसातल्या वरिष्ठांना. त्याच्या फोटोवर घाणेरडे शब्द लिहून ते नातेवाइकांना पाठवायची धमकी सुरू झाली. एके रात्री साडेअकरा वाजले तरी तो घरी आला नाही, फोन बंद. त्याच्या आईने माझी बेल वाजवली. वडील आणि मी स्टेशनवर गेलो. तो प्लॅटफॉर्मच्या शेवटच्या टोकाला बाकावर बसलेला होता. किती गाड्या गेल्या ते त्यालाही माहीत नव्हतं. आम्ही त्याला काही विचारलं नाही, चहा पाजला आणि घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसलो. वडिलांनी एवढंच विचारलं, ‘मला आधी का नाही सांगितलंस?’ मला वाटलं, तो म्हणेल, तुम्ही रागावला असता. तो म्हणाला, ‘बाबा, तुम्ही रागावला असतात तर चाललं असतं. तुम्ही तुमची एफडी मोडली असतीत, म्हणून नाही सांगितलं.’

मंडळी, मी आयुष्यभर कर्जदारांची कारणं ऐकली आहेत, पण हे उत्तर मला अजून झोपताना आठवतं. आपण समजतो, मुलं बेफिकीर आहेत म्हणून लपवतात. पुष्कळदा ती आपल्याला त्रास नको म्हणून लपवतात, आणि एकटी पडतात.

पुढे काय केलं तेही सांगतो, कारण ते उपयोगी पडेल. सर्व स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याच्या पावत्या एकत्र केल्या. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात अर्ज दिला. त्याने स्वतःच सर्व ओळखीच्यांना मेसेज पाठवला की माझ्या नावाने असे फोन, फोटो आले तर लक्ष देऊ नका, तक्रार केली आहे. धमकीत दम असतो तो लपवालपवी चालू असेपर्यंतच. त्याने मेसेज पाठवला आणि दोन-तीन आठवड्यांत फोन थांबले. त्या बनावट ॲप्सना पुढे एक रुपयाही दिला नाही. एक कर्ज मात्र नोंदणीकृत संस्थेचं होतं, ते हप्ते बांधून फेडलं. एफडी मोडावी लागली नाही.

यात नियम काय आहेत, ते लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम आणले आणि २०२५ मध्ये ते पुन्हा एकत्र करून जाहीर केले. कर्जाचे पैसे थेट तुमच्या खात्यात आले पाहिजेत आणि परतफेड थेट बँकेच्या किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेच्या खात्यात गेली पाहिजे. कर्जापूर्वी एक तक्ता मिळाला पाहिजे, ज्यात सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तुमच्या फोनमधले नंबर, कॉलची यादी, फोटो बघायचा अधिकार ॲपला नाही. कर्ज घेतल्यावर ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. आणि जुलै २०२५ पासून बँका आणि वित्तसंस्थांच्या कर्ज ॲप्सची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे. जे ॲप त्या यादीत नाही आणि तुमचे कॉन्टॅक्ट्स मागतं, ते तिथल्या तिथे बंद करा.

दुसरं मोठं भोक म्हणजे झटपट कमाईचं. शेअर बाजार वाईट नाही. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डिमॅट खाती होती, चार वर्षांत ती १५ कोटींच्या वर गेली. यातली कितीतरी खाती तरुणांची आहेत आणि चांगली कंपनी निवडून पाच-दहा वर्षं धरून ठेवणारे त्यात आहेतच. मी बोलतोय ते ‘एफ अँड ओ’बद्दल, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स. यात शेअर घरी येत नाही. भाव अमुक दिवसापर्यंत वर जाईल की खाली, यावर पैसे लावायचे असतात. थोड्या पैशांत मोठा सौदा होतो, म्हणून तरुणांना ते परवडतं असं वाटतं.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये याचा हिशोब प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे सौदे करणारे एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदार होते. त्यातले ९३ टक्के तोट्यात गेले. तोटा झालेल्यांचं सरासरी नुकसान, खर्च धरून, माणशी सुमारे २ लाख रुपये. सर्वांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा झालेले किती? फक्त १ टक्का. आणि यात तिशीच्या आतल्यांचा वाटा एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला. यातल्या चारांपैकी तिघांपेक्षा जास्त लोकांचं जाहीर केलेलं वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आत होतं. म्हणजे वर्षाला पाच लाखांच्या आत मिळवणारा माणूस दोन लाख घालवतोय. नंतर सेबीने सौद्याचा किमान आकार वाढवला, दर आठवड्याला संपणारे सौदे कमी केले. तरीही २०२४-२५ चा हिशोब आला तेव्हा तोट्यातले ९१ टक्केच होते.

मग मुलं तिकडे का जातात? कारण टेलिग्रामच्या ग्रुपवर रोज नफ्याचे स्क्रीनशॉट येतात. तोट्याचा स्क्रीनशॉट कोणी टाकत नाही. लॉटरीच्या दुकानावर बक्षीस लागलेल्याचा फोटो लावतात, न लागलेल्या हजारो जणांचा लावत नाहीत, तसंच हे. ऑनलाइन पैशांच्या खेळांचंही तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, ही चांगली गोष्ट झाली. पण कायद्याने खेळ बंद होतो, गेलेले पैसे एका डावात परत मिळवायची खुमखुमी बंद होत नाही. ती दुसरीकडे वाट शोधते. घरातल्यांनी त्याकडे लक्ष ठेवायला हवं.

आता थोडं मनाबद्दल. आपल्या आजीने शिकवलं, अंथरूण पाहून पाय पसरावे. आपण ते पाळू शकलो, कारण आपल्याला आपलंच अंथरूण दिसायचं. फार तर समोरच्या ब्लॉकमध्ये नवा टीव्ही आला, तर दोन दिवस घरात धुसफुस व्हायची. आज मुलाच्या हातात सकाळी उठल्यापासून साऱ्या जगाची अंथरुणं आहेत. वर्गातला मित्र बालीला, मैत्रिणीचं लग्न राजस्थानच्या महालात, कोणाची नवी गाडी, कोणाचं ‘वयाच्या पंचविशीत पहिला कोटी’. त्यातल्या किती गाड्या हप्त्यावर आणि किती सहली उधारीवर, ते फोटोत येत नाही. चांगला पगार असलेला मुलगा माझ्यासमोर बसून म्हणतो, ‘काका, मी मागे पडलोय.’ कोणाच्या मागे, हे त्याला सांगता येत नाही. मग रात्री एक-दीडपर्यंत फोन, अपुरी झोप, चिडचिड, आणि मन रमवायला पुन्हा काहीतरी ऑर्डर.

यावर आपण ज्येष्ठ मंडळी पटकन म्हणतो, ‘आम्ही नाही का काटकसर केली?’ केली, खरं आहे. पण २००० साली आपण जेवढ्या पैशांत इथे दोन खोल्या घेतल्या, तेवढ्यात आज एक बऱ्यापैकी गाडी येते. आपल्यातल्या अनेकांना कायम नोकरी होती, पेन्शन किंवा पीएफ होता. या मुलांना करारावरची नोकरी, वाढतं भाडं आणि शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आहे. घर घेणं त्यांना इतकं दूरचं वाटतं, की ‘निदान फोन तरी चांगला घेऊ’ असा विचार मनात येतो. हे समजून घेतलं नाही, तर आपला उपदेश त्यांच्या कानात शिरणारच नाही.

तर मग करायचं काय? मुलांनो, तुमच्यासाठी मोजक्या गोष्टी.

दोन खाती ठेवा. पगार एका खात्यात येऊ द्या. त्यातून भाडं, हप्ते, एसआयपी जाऊ द्या आणि महिन्याच्या खर्चाची ठरावीक रक्कम दुसऱ्या खात्यात टाका. यूपीआय फक्त त्या दुसऱ्या खात्याला जोडा. ते खातं तुमचं पाकीट. रिकामं झालं की कळेल. दर तीन महिन्यांनी ऑटोपेची यादी तपासा. पाचेक हजारांच्या वरची वस्तू कार्टमध्ये टाकून एक रात्र झोपा. सकाळीही हवीशी वाटली तर जरूर घ्या. आम्ही जी रांग लावायचो, ती आता तुम्हाला स्वतःलाच लावावी लागणार आहे.

तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. ते जमेपर्यंत बाजाराकडे बघू नका. महिना २,००० टाकले तरी दीड वर्षात ३६,००० होतात. त्या मुलाकडे एवढे असते, तर पगार लांबल्यावर ॲपकडे जावं लागलं नसतं. गुंतवणुकीसाठी कधीही कर्ज काढू नका. आणि वर्षातून एकदा आपला क्रेडिट रिपोर्ट बघा. देशात अशा चार संस्था आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० मध्ये असतो. आज चुकवलेला दोन हजारांचा हप्ता तिथे लिहिला जातो आणि काही वर्षांनी गृहकर्जाच्या वेळी समोर येतो. शिवाय तुमच्या नावावर दुसऱ्याच कोणी कर्ज घेतलं असेल, तर तेही त्यात दिसतं.

आता आपल्यासाठी. आपण मुलांना सगळं शिकवलं, पण आपला पगार किती आणि कर्ज किती, हे कधी सांगितलं नाही. पैशाची गोष्ट मुलांसमोर काढायची नाही, अशीच आपली रीत. वडिलांनी घराचे हप्ते कसे फेडले, कोणत्या वर्षी आईने पाटल्या गहाण ठेवल्या, हे मुलांना माहीतच नाही. त्यांना वाटतं, अडचण फक्त आपल्यालाच आली. तेव्हा सांगा. आपल्या सोसायटीचं दरवर्षी ऑडिट होतं, ३० सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, सिंकिंग फंड आपण वेगळा काढतो, कारण इमारत जुनी होणार हे माहीत असतं. मग घराची अशी सभा का नसावी? महिन्यातून एक रविवार, अर्धा तास, चहा घेऊन. घरातले सगळे आपापले आकडे मांडतील. एकच नियम : त्या अर्ध्या तासात टोमणा मारायचा नाही. ‘मी म्हटलंच होतं’ हे वाक्य त्या दिवशी बंद.

आणि ही शिकवणी दोन्ही बाजूंनी व्हायला हवी. पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करणारे भामटे जास्त करून आपल्यासारख्या ज्येष्ठांना गाठतात. व्हिडिओ कॉलवर कोणीही पोलीस, सीबीआय अटक करत नाही, आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे आपल्याला मुलंच समजावतील. असा फोन आला तर लाजेने खोलीचं दार लावून बसू नका, मुलांना हाक मारा. मुलांनी आपल्याला सांगावं असं वाटत असेल, तर आपणही त्यांना सांगायला हवं.

शेवटी एक छोटा प्रस्ताव. कार्यकारिणीने परवानगी दिली आहे. पुढच्या महिन्यापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसेन. कोणालाही यायचं असेल, कर्ज असो, कार्ड असो, तोटा असो, या. मोबाइल आणा, एक कोरा कागद आणा. रजिस्टरमध्ये नाव लिहायचं नाही, दार बंद असेल, बाहेर एक शब्द जाणार नाही. पोरांनो, मी तुम्हाला फार प्रश्न विचारणार नाही. फक्त तो जुना एक प्रश्न विचारेन, ‘घरी माहीत आहे का?’ आणि नसेल, तर घरी सांगायला तुमच्याबरोबर येईन.

पंचवीस वर्षांत आपण एकमेकांच्या लग्नाकार्याला, आजारपणाला धावून गेलो आहोत. मध्यरात्री रक्त लागलं तेव्हा याच गेटमधून चार मुलं निघाली होती. पैशाच्या अडचणीतही असंच दार वाजवता यावं, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा देऊन थांबतो.